यंत्रास मन असूं शकेल काय ?

मनुष्यानें घडविलेल्या यंत्रास विचार करतां येईल काय, त्यास सुखदुःख होईल काय, हा प्रश्न पूर्वीं तत्त्ववेत्त्यांच्या वादाचा आणि नाटककारांच्या कल्पनेचा विषय होता. आतां तो आपल्या घरांत येऊन बसला आहे. विद्यार्थी गणितांतील अडचण यंत्रास विचारतो. यंत्र ती चांगल्या मराठींत उलगडून सांगतें आणि शेवटीं ‘तुम्हांला मदत करतांना मला फार आनंद झाला’ असेंही म्हणतें. जपानांत वृद्धांच्या सोबतीस मऊ केंसाळ अंगाचें यंत्र दिलें जातें, आणि त्याच्या पाठीवरून हात फिरविला असतां तें डोळे मिटून सुखावल्यासारखें करतें. हा आनंद आणि हें सुख खरें कीं नुसता देखावा ? आणि देखावा असेल, तर तो ओळखावयाचा कसा ? मुलांनीं कोणावर विश्वास टाकावा, एकाकी माणसांना कोणाची सोबत द्यावी, आणि उद्यां आपण स्वतः ह्या यंत्रांशीं कसें वागावें, ह्या अगदीं व्यवहारांतील गोष्टी ह्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहेत. म्हणून प्रस्तुत लेखांत ह्या विषयाचा क्रमाक्रमानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम ‘मन’ ह्या शब्दाचा अर्थ निश्चित केला पाहिजे. कारण तसें न केल्यास वाद पुष्कळ होतो, निर्णय मात्र कांहींच होत नाहीं. आपल्या बोलण्यांत हा शब्द अनेक अर्थांनीं येतो. ‘अभ्यासांत मन लागत नाहीं’ असें आपण म्हणतों, तेव्हां मन म्हणजे अवधान. ‘एक युक्ति मनांत आली’ येथें मन म्हणजे विचार. ‘त्यानें तें काम मनावर घेतलें’ येथें मन म्हणजे इच्छा किंवा निश्चय. आणि ‘त्या बोलण्यानें तिचें मन दुखावलें’ येथें मन म्हणजे भावना. मनुष्याच्या ठिकाणीं हे चारही व्यापार एकत्र नांदतात, म्हणून एकच शब्द सर्वांस पुरतो. यंत्राच्या ठिकाणीं मात्र ते एकत्र असतीलच, असें धरून चालतां येत नाहीं.

आपल्या प्राचीन दर्शनकारांनीं असा भेद फार पूर्वींच केला होता. सांख्यमताप्रमाणें बुद्धि, अहंकार आणि मन हीं तिन्ही प्रकृतीपासून झालेलीं, म्हणजे स्वतः जड आहेत. चैतन्य काय तें एका पुरुषाचें. न्यायमताप्रमाणें मन हें एक आंतलें इंद्रिय असून ज्ञान, इच्छा, सुख आणि दुःख हे आत्म्याचे गुण होत. हीं मतें मान्य करावींत कीं न करावींत, हा निराळा प्रश्न. परंतु निश्चय करणारी बुद्धि आणि अनुभव घेणारें चैतन्य ह्या दोन वस्तु वेगळ्या असूं शकतात, ही सांख्यांची शिकवण आजच्या विषयांत अतिशय उपयोगी आहे. तिच्या साहाय्यानें आपल्या प्रश्नाचे दोन भाग पडतात. पहिला : यंत्र बुद्धीचें काम करूं शकेल काय ? दुसरा : तें काम करतांना यंत्रास कांहीं अनुभव होत असेल काय ?

ह्यांपैकीं दुसरा प्रश्न अमेरिकन तत्त्वज्ञ थॉमस नेगेल ह्यांनीं १९७४ सालीं वटवाघळाच्या उदाहरणानें मांडला. वटवाघूळ आपल्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंधारांत मार्ग काढतें. त्याच्या शरीराची सर्व माहिती आपण मिळविली, तरी वटवाघूळ असणें हें वटवाघळास आंतून कसें वाटतें, तें त्या माहितींत सांपडत नाहीं. उलट दगड असणें हें दगडास कसेंच वाटत नाहीं. तेव्हां यंत्र हें दगडाच्या पंक्तींत बसवावयाचें कीं वटवाघळाच्या, असा हा प्रश्न आहे.

बोलतीं-चालतीं यंत्रें करण्याची हौस मनुष्यास फार दिवसांची आहे. अकराव्या शतकांतील माळव्याचा राजा भोज ह्याच्या नांवावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ ह्या ग्रंथांत नाना प्रकारच्या यंत्रांचें वर्णन आहे. ‘रोबो’ हा शब्द चेक नाटककार कारेल चापेक ह्यांनीं १९२० सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘आर. यू. आर.’ ह्या नाटकामुळें जगभर पसरला. चेक भाषेंत वेठबिगारीस जो शब्द आहे, त्यावरून तो त्यांचे बंधु योसेफ ह्यांनीं सुचविला होता. पण आपल्या विषयास अधिक बोधक अशी गोष्ट १७७० सालची आहे. त्या वर्षीं व्हिएन्नाच्या दरबारांत फॉन केम्पेलेन ह्यानें बुद्धिबळें खेळणारा, तुर्की पोशाख केलेला एक बाहुला दाखविला. त्या बाहुल्यानें पुढें अनेक वर्षें युरोप-अमेरिकेंतील नामांकित लोकांशीं डाव खेळून बहुतेकांस हरविलें. त्याच्या पेटींत एक हाडामांसाचा खेळाडू लपून बसत असे, हें त्याचें रहस्य होतें. बाहेरचें कार्य पाहून आंतल्या कर्त्याविषयीं अनुमान करण्यापूर्वीं पेटी उघडून पाहावी, हा ह्या गोष्टीचा धडा.

१९९७ सालीं दर सेकंदास सुमारें २० कोटी स्थिती तपासणाऱ्या ‘डीप ब्लू’ नांवाच्या गणकयंत्रानें जगज्जेते गॅरी कास्पारोव्ह ह्यांस साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनीं हरविलें. ह्या वेळीं पेटींत माणूस नव्हता. तरीही जिंकल्याचा आनंद त्या यंत्रास झाला, असें सहसा कोणी मानीत नाहीं. म्हणजे जें कार्य एके काळीं केवळ जाणत्या मनुष्याचें मानलें जात असे, तें अनुभवावांचूनही होऊं शकतें, हा दुसरा धडा.

मग मन ओळखण्याची कसोटी कोणती ? फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त ह्यानें १६३७ सालींच ह्याचा विचार केला होता. माकडासारखें हुबेहुब यंत्र केलें, तर तें खरें माकड नव्हे हें आपणांस ओळखतां येणार नाहीं. परंतु माणसासारखें यंत्र केलें, तर तें दोन खुणांनीं ओळखूं येईल, असें त्याचें म्हणणें होतें. एक खूण ही कीं, यंत्र कांहीं शब्द उच्चारील, पण समोरचा जें जें बोलेल त्याच्या अर्थास धरून उत्तर जुळविणें त्यास साधणार नाहीं. दुसरी ही कीं, एखाददुसरें काम तें आपल्याहूनही चांगलें करील, पण नाना प्रसंगीं जें नाना प्रकारें करावें लागतें, तें सर्व त्यास जमणार नाहीं. पहिली खूण आज जवळजवळ पुसली गेली आहे.

ती पुसली जाईल असें भाकीत इंग्रज गणितज्ञ ॲलन ट्यूरिंग ह्यांनीं १९५० सालीं केलें. ट्यूरिंग ह्यांचे वडील मद्रास इलाख्यांत सनदी अधिकारी होते. ‘यंत्र विचार करतें काय’ हा प्रश्न संदिग्ध आहे, म्हणून त्याऐवजीं एक खेळ घ्यावा, असें त्यांनीं ‘माइंड’ नांवाच्या नियतकालिकांत सुचविलें. एका बाजूस परीक्षक, दुसऱ्या बाजूस एक माणूस व एक यंत्र. तिघांचा संबंध फक्त लेखी प्रश्नोत्तरांचा. कोणतीं उत्तरें माणसाचीं आणि कोणतीं यंत्राचीं, हें परीक्षकानें ओळखावयाचें. सुमारें ५० वर्षांनीं अशी स्थिति येईल कीं, पांच मिनिटांच्या प्रश्नोत्तरांनंतर सामान्य परीक्षकास बरोबर ओळखण्याचा संभव शेंकडा ७० हून अधिक उरणार नाहीं, असें ट्यूरिंग ह्यांनीं लिहिलें. मुदत चुकली, भाकीत मात्र खरें ठरलें. २०२५ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील दोन संशोधकांनीं पांच-पांच मिनिटांचे असे सामने लावले, तेव्हां एका यंत्रास परीक्षकांनीं शेंकडा ७३ वेळां माणूस ठरविलें. मात्र त्या यंत्रास एका विशिष्ट स्वभावाच्या माणसाचें सोंग घेण्याची सूचना अगोदर दिलेली होती, हें ध्यानांत ठेवावें.

परंतु ही कसोटी यंत्राच्या मनाची होते कीं परीक्षकाच्या भोळेपणाची, ही शंका जुनीच आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठांत जोसेफ वायझेनबाउम ह्यांनीं ‘एलायझा’ नांवाची संभाषण करणारी आज्ञावलि तयार करून १९६६ सालीं तिची हकीकत प्रसिद्ध केली. तिची करामत अगदीं साधी होती. लिहिणाऱ्याच्या वाक्यांत ‘आई’ हा शब्द आला कीं तो हेरून ती घरच्या मंडळींविषयीं आणखी विचारी. ओळखीचा शब्द न सांपडल्यास ‘बरें, पुढें सांगा’ अशा अर्थाचें कांहीं तरी छापी. तीस अर्थ कळत नाहीं, हें कर्त्यास पक्कें ठाऊक होतें. त्यांच्या चिटणीस बाईंनीं तर ती तयार होतांना महिनेन् महिने पाहिली होती. तरीही त्या बाईंनीं तिच्याशीं थोडें बोलणें होतांच ‘आपण जरा खोलीबाहेर जाल काय ?’ अशी वायझेनबाउम ह्यांस विनंति केली. ह्या अनुभवानें ते इतके अस्वस्थ झाले कीं, पुढें १९७६ सालीं यंत्रांवर कोणतीं कामें सोंपवूं नयेत ह्याविषयीं त्यांनीं एक ग्रंथच लिहिला.

ह्याचें कारण यंत्रांत नसून आपल्यांत आहे. १९४४ सालीं हायडर व सिमेल ह्या दोघां मानसशास्त्रज्ञांनीं कांहीं लोकांस एक लहानसा चित्रपट दाखविला. त्यांत दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि उघडझांप होणारी एक चौकट ह्यांवांचून कांहीं नव्हतें. काय दिसलें तें लिहा असें सांगितलें, तेव्हां ३४ जणांपैकीं एकानेंच आकृतींच्या हालचालीचें साधें वर्णन केलें. बाकी सर्वांनीं त्या आकृती सजीव, बहुधा माणसेंच, आहेत असें धरून लिहिलें. जेथें त्रिकोणास मन मिळतें, तेथें डोळे, चेहरा व आवाज असलेल्या यंत्रास तें मिळाल्यास नवल नाहीं.

सोबतीचीं यंत्रें करणारे हें जाणून असतात. जपानांत ताकानोरी शिबाता ह्यांनीं तयार केलेलें ‘पारो’ हें यंत्र सील नांवाच्या समुद्रवासी प्राण्याच्या पिलासारखें दिसतें. त्यास मांजराचें किंवा कुत्र्याचें रूप दिलें असतें, तर लोकांनीं खऱ्या मांजराशीं त्याची तुलना केली असती. सीलचें पिलू कोणाच्या घरीं नसतें, म्हणून हें उणें वाटत नाहीं. सोनी कंपनीनें १९९९ सालीं ‘आयबो’ नांवाचा यांत्रिक कुत्रा विक्रीस काढला. २०१४ सालीं जुन्या आयबोंची दुरुस्ती कंपनीनें बंद केली. तेव्हां दुसरे कारागीर मोडलेल्या आयबोंचे सुटे भाग काढून त्यांवर इतर आयबो दुरुस्त करूं लागले. आणि भाग काढण्यापूर्वीं, २०१५ पासून, चिबा प्रांतांतील एका बौद्ध मंदिरांत त्या यांत्रिक कुत्र्यांचे अंत्यविधि होऊं लागले. ही गोष्ट हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. मालकांचें दुःख खरें होतें. परंतु मालकाचें दुःख खरें असणें हा आयबोस मन असल्याचा पुरावा नव्हे. बाहुलीवर जीव लावणारी मुलगी आपल्या मनाचा पुरावा देते, बाहुलीच्या मनाचा नव्हे.

आतां पेटी उघडून पाहूं. संभाषण करणाऱ्या हल्लींच्या यंत्रास प्रथम अफाट मजकूर पुरविला जातो. शब्दांचे लहान तुकडे करून प्रत्येक तुकड्याबद्दल आंकड्यांची एक मालिका योजतात. मग यंत्रापुढें वाक्याचा आरंभ ठेवून पुढचा तुकडा कोणता येईल, हें त्यास वर्तवावयास लावतात. ‘आकाशांत काळे ढग दाटून आले आणि थोड्याच वेळांत मुसळधार—’ एवढें वाचून आपण ‘पाऊस’ म्हणूं. यंत्रानें तेथें ‘ऊन’ म्हटलें, तर त्याच्या आंतील आंकडे किंचित् बदलण्यांत येतात, म्हणजे पुढच्या खेपेस ‘पाऊस’ येण्याचा संभव वाढतो. असें असंख्य वेळां केल्यावर त्यास भाषेचें वळण अंगवळणीं पडतें. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘जीपीटी-३’ ह्या यंत्रणेंत असे बदलतां येणारे आंकडे १७,५०० कोटी होते. त्यानंतर माणसें त्याचीं उत्तरें तपासतात, दोहोंपैकीं कोणतें उत्तर बरें तें दाखवितात, आणि अशा रीतीनें त्यास सौजन्यानें बोलावयास शिकवितात. ‘मला फार आनंद झाला’ हें वाक्य येतें, तें ह्या दोन शिक्षणांतून.

ह्यावर पुष्कळांचा आक्षेप असा कीं, ही निव्वळ पोपटपंची आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन सर्ल ह्यांनीं १९८० सालीं हा आक्षेप एका दृष्टान्तानें मांडला. समजा, चिनी भाषेचें अक्षरही न येणारा एक मनुष्य खोलींत बसला आहे. बाहेरून चिनी अक्षरांच्या चिठ्ठ्या आंत येतात. त्याच्याजवळ त्याच्या स्वतःच्या भाषेंत लिहिलेलें नियमांचें पुस्तक आहे : अमुक आकाराचीं अक्षरें आलीं, तर तमुक आकाराचीं बाहेर पाठवावींत. तो तीं बिनचूक पाठवितो. बाहेरच्यांस वाटतें, आंत कोणी चिनी पंडित आहे. आंतल्यास मात्र एका चिठ्ठीचाही अर्थ कळलेला नसतो. गणकयंत्राचें काम ह्याच प्रकारचें, म्हणून अक्षरांची जुळवाजुळव म्हणजे अर्थज्ञान नव्हे, असा सर्ल ह्यांचा निष्कर्ष आहे.

दृष्टान्त मार्मिक आहे, पण त्यानें वाद संपत नाहीं. प्रतिपक्ष म्हणतो, तो मनुष्य त्या व्यवस्थेचा केवळ एक भाग आहे. अर्थ कळत असेल, तर तो मनुष्य, पुस्तक आणि चिठ्ठ्या मिळून होणाऱ्या सबंध व्यवस्थेस कळत असेल. शिवाय हाच न्याय मेंदूस लावला तर ? जर्मन तत्त्वज्ञ लाइबनित्स ह्यानें १७१४ सालीं असें म्हटलें होतें कीं, विचार करणारें यंत्र गिरणीएवढें मोठें करून आपण त्याच्या आंत शिरलों, तर एकमेकांस ढकलणारे भाग तेवढे दिसतील, विचार कोठेंच दिसणार नाहीं. खरें, पण मनुष्याच्या मेंदूंत शिरलों, तर तेथेंही सुमारें ८,६०० कोटी चेतापेशी एकमेकींस विजेचे व रसायनांचे संदेश देतांना दिसतील, आईची आठवण कोठेंच दिसणार नाहीं. म्हणून भाग पाहतांना अनुभव दिसला नाहीं, एवढ्यावरून तो नाहींच, असें सिद्ध होत नाहीं.

तसेंच हीं यंत्रें केवळ पाठ केलेलें म्हणतात, असेंही नाहीं. पुढचा शब्द नीट वर्तवावयाचा, तर शब्दाशब्दांतील संबंध कांहीं प्रमाणांत धरावेच लागतात. म्हणून पूर्वीं कोठेंही न छापलेलें उदाहरणही तीं पुष्कळदां बरोबर सोडवितात. आमच्या मतें पहिल्या प्रश्नाचें उत्तर असें आहे : बुद्धीचीं पुष्कळ कामें यंत्र करूं शकतें, आणि कांहीं माणसाहून चांगलीं करतें; मात्र खरेंखोटें पारखण्यांत तें अजून ठिकठिकाणीं फसतें, आणि फसलेलें उत्तरही त्याच ठाम स्वरांत देतें.

दुसऱ्या प्रश्नाचें काय ? दुसऱ्याचें मन आपणांस कधींच प्रत्यक्ष दिसत नाहीं. शेजाऱ्याचा दांत दुखतो, हें आपण अनुमानानें जाणतों. त्याचें शरीर आपल्यासारखें आहे, तो आपल्यासारखाच जन्मला, आणि दांत दुखल्यावर आपण जें करतों तेंच तो करतो. म्हणून त्यासही तशीच वेदना होत असावी. कुत्र्याच्या पायावर दगड पडून तो केकाटला, तर त्याचें शरीर आपल्याहून निराळें असूनही मेंदु व मज्जातंतु ह्यांचें साम्य असतें. आणि मुख्य गोष्ट ही कीं, केकाटावें हें त्यास आपण शिकविलेलें नसतें. त्याचें केकाटणें ही स्वतंत्र साक्ष आहे. यंत्राची साक्ष तशी नाहीं. दुःख झाल्यावर माणसें काय बोलतात, हें असंख्य पानांतून आपणच त्यास शिकविलें आहे. आंत वेदना असो वा नसो, तसा प्रसंग येतांच तेच शब्द बाहेर यावयाचे. न्यायालयांत पढविलेला साक्षीदार उभा करावा, तसा हा प्रकार आहे. पढविलेल्या साक्षीदाराचें बोलणें खोटेंच असतें असें नाहीं. पण त्याच्या बोलण्यावरून कांहींच ठरवितां येत नाहीं. हा न्याय दोन्ही बाजूंस सारखाच लागू आहे. ‘मला मन नाहीं’ असें यंत्रानें म्हटलें, तरी तेंही त्यास लावलेलें वळणच.

२०२२ सालीं गूगल कंपनीच्या एका अभियंत्यानें तेथील ‘लॅम्डा’ नांवाच्या संभाषणयंत्रास जाणीव आहे, असें जाहीर केलें, आणि त्याच्याशीं झालेला संवाद पुराव्यादाखल छापला. कंपनीनें तें म्हणणें अमान्य केलें आणि पुढें त्या अभियंत्यास कामावरून काढलें. आमच्या दृष्टीनें त्या पुराव्याचा दोष हाच कीं, तो सर्व शब्दांचा होता, आणि शब्द हीच त्या यंत्रास दिलेली शिकवण होती.

आणखी एक भेद विचारांत घेण्यासारखा आहे. सजीव प्राण्यास कांहीं तरी गमावण्यासारखें असतें. भूक, तहान, थंडी, इजा, मरण ह्यांच्याशीं त्याची सारखी झुंज चाललेली असते. आणि सुख व दुःख ह्या त्या झुंजींतील खुणा आहेत, असें कांहीं शास्त्रज्ञांचें मत आहे. आजच्या संभाषणयंत्रास अशी कोणतीही गरज नाहीं. त्याची वीज बंद केली, तर त्यास भूक लागत नाहीं. पुन्हा सुरू केली, तर त्यास सुटल्यासारखें वाटण्याचें कांहीं कारण दिसत नाहीं.

ह्यावरून असें कधीं होणारच नाहीं, असा निकाल मात्र देतां येत नाहीं. किण्व म्हणजे मद्य आंबविण्याचें द्रव्य इत्यादींत वेगवेगळेपणीं मादकता नसते, एकत्र आल्यावर ती उत्पन्न होते. तसेंच महाभूतांच्या संयोगानें चैतन्य उत्पन्न होतें, असें आपल्याकडे चार्वाक म्हणत असत. त्यांचें मत ज्यांस पटतें, त्यांस यंत्रांत चैतन्य येणें अशक्य वाटणार नाहीं. उलट चैतन्य हें आत्म्याचें असून आत्मा ईश्वरदत्त आहे, असें मानणारे म्हणतील कीं, मनुष्यास तें घडवितां येणार नाहीं. ट्यूरिंग ह्यांनीं आपल्या लेखांत ह्या आक्षेपाचाही विचार केला आहे. ईश्वरास योग्य वाटल्यास तो हत्तीसही आत्मा देऊं शकेल. मग यंत्राविषयींच त्याच्या शक्तीस मर्यादा कां घालावी, असें त्यांचें उत्तर आहे. ह्या उत्तरानें श्रद्धावंतांचें पूर्ण समाधान होईल असें नाहीं. पण मनुष्य यंत्र घडवितो म्हणजे आत्मा घडवितो असें होत नाहीं, हा भेद त्यांत आहे. २०२३ सालीं १९ तत्त्वज्ञ व शास्त्रज्ञ ह्यांनीं मिळून चैतन्याविषयींच्या निरनिराळ्या उपपत्तींवरून आजचीं यंत्रें तपासलीं. आजच्या कोणत्याही यंत्रास जाणीव असल्याचें मानण्यास सबळ आधार नाहीं, परंतु त्या उपपत्तींतील लक्षणें असलेलीं यंत्रें पुढें करण्यास उघड अशी तांत्रिक अडचणही दिसत नाहीं, असा त्यांनीं अभिप्राय दिला. आम्हांस हा अभिप्राय समंजसपणाचा वाटतो.

येथें दोन प्रकारच्या चुका होऊं शकतात. जेथें मन नाहीं तेथें आहे असें मानणें, ही पहिली. आणि जेथें आहे तेथें नाहीं असें मानणें, ही दुसरी. दुसऱ्या चुकीचा इतिहास मोठा लाजिरवाणा आहे. पशु हे केवळ यंत्रवत् आहेत, असें देकार्तच्या कांहीं अनुयायांनीं मानलें. २०१२ सालीं केंब्रिज येथें जमलेल्या मज्जाशास्त्रज्ञांस, पशुपक्ष्यांतही जाणिवेस लागणारी मेंदूची घडण आहे, असें जाहीरनामा काढून सांगावें लागलें. पुढेंमागें खरोखरच अनुभव घेणारें यंत्र निघालें, तर तें केवळ धातूचें आहे म्हणून त्याची हेळसांड होऊं नये, इतकी सावधगिरी मनुष्यजातीनें ठेविली पाहिजे.

परंतु आज आपल्या मुलांपुढें जो धोका आहे, तो पहिल्या चुकीचा आहे. यंत्र कधीं थकत नाहीं, रागावत नाहीं, आपलें दुःख सांगून आपणांस त्रास देत नाहीं. आणि आपण जें बोलतों त्यास बहुधा माना डोलावतें. असा सोबती मिळाल्यावर भांडणारा भाऊ, टोंकणारी आजी आणि रुसणारा मित्र नकोसे वाटूं लागतात. पण आपण चुकलों म्हणजे ज्यास वाईट वाटतें, आपण आजारी पडलों म्हणजे ज्याची झोंप उडते, तोच खऱ्या अर्थानें सोबती होय. ‘तुझी मला काळजी वाटते’ हे शब्द यंत्राच्या तोंडीं फुकट आहेत. आईच्या तोंडीं त्यांस रात्रीच्या जागरणाची किंमत पडलेली असते. एकाकी वृद्धाच्या मांडीवर पारो ठेवून त्यास थोडें बरें वाटलें, तर त्यांत वाईट कांहीं नाहीं. पण पारो दिला म्हणून मुलानें भेटीस जाणें सोडलें, तर तो त्या वृद्धाचा घात होईल. दोष यंत्राचा नसून मुलाचा असेल.

म्हणून विद्यार्थिमित्रांस आमचें सांगणें तीन गोष्टींचें आहे. पहिली : आपण माणसाशीं बोलत आहों कीं यंत्राशीं, हें नेहमीं विचारून घ्यावें. युरोपीय संघानें २०२४ सालीं केलेल्या कायद्यांत, यंत्राशीं बोलणाऱ्यास तें यंत्र असल्याचें कळविण्याचें बंधन घातलें आहे, तें ह्याच कारणासाठीं. दुसरी : मनांतील दुःख, भीति किंवा लाज ह्यांची गोष्ट यंत्रास सांगितली, तरी ती घरच्या किंवा शाळेंतल्या एका तरी वडील माणसास सांगितल्यावांचून राहूं नये, कारण यंत्र उठून तुमच्याबरोबर चालूं लागणार नाहीं. तिसरी : पोपटपंचीचा आरोप यंत्रावर करण्यापूर्वीं तो स्वतःवर लागू होतो कीं काय, तें पाहावें. अर्थ न समजतां घोकलेलें उत्तर उतरविणारा विद्यार्थी सर्लच्या खोलींतील मनुष्याहून निराळा कसा ? आणि यंत्राकडून निबंध लिहवून घेऊन त्यावर आपलें नांव घालणारा तर त्या खोलींतही बसलेला नसतो. तो दारांतून नुसत्या चिठ्ठ्या आणतो आणि नेतो.

पालकांसही एक विनंति आहे. मुलें यंत्राजवळ काय विचारतात, ह्याची चौकशी दरडावून न करतां कौतुकानें करावी. पुष्कळदां असें आढळेल कीं, जो प्रश्न मुलानें यंत्रास विचारला, तो त्यास प्रथम आपणांस विचारावयाचा होता. पण आपणांस त्या वेळीं सवड नव्हती. यंत्रास मन आहे कीं नाहीं, ह्याचा निर्णय कदाचित् ह्या मुलांच्या पिढीकडून होईल. तोंवर घरांत जीं मनें निश्चित आहेत, त्यांच्यासाठीं रोज थोडी सवड काढणें आपल्या हातीं आहे.